आईसाठी ई-रीडर: आधी पुस्तकांची यादी, मग यंत्र

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. आई ६९ वर्षांच्या, मिरजेत एकट्या राहतात. जन्मभर ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचली. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, मनगटं दुखतात म्हणून जाड पुस्तक फार वेळ धरवत नाही, आणि फोनवर वाचलं की डोळे चुरचुरतात. तुम्ही बंगळुरूत. विचारलंय असं की ई-रीडर घेऊन द्यावा की मोठा टॅब, त्यावर मराठी नीट चालतं का, आणि 'कागदासारखं वाटतं' हे खरं की जाहिरात.

मी पुण्यात मराठी प्रकाशकांसाठी ई-पुस्तकं तयार करते. त्याआधी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम, करायचे, त्यामुळे छापील पान कसं बनतं आणि त्याचं ई-पुस्तक होताना काय बिघडतं, हे दोन्ही बाजूंनी बघितलंय. झालेली प्रत्येक फाइल निरनिराळ्या यंत्रांवर उघडून वाचणं हा कामाचाच भाग. शिवाय प्रकाशकाकडे 'अहो, अक्षर मोठंच होत नाही' असे वाचकांचे फोन येतात, तेही शेवटी माझ्याकडेच वळवले जातात.

तुम्ही वर्णन केलंत तशा वाचकाला ई-रीडर फार मानवतो. पण तो हातात राहील की कपाटात जाईल, हे यंत्रावर कमी आणि आईंना हवी असलेली पुस्तकं कोणत्या स्वरूपात मिळतात यावर जास्त ठरतं. इंग्रजी वाचणाऱ्याला हा हिशेब करावाच लागत नाही, मराठी वाचणाऱ्याला करावा लागतो. म्हणून यंत्राचा विषय जरा नंतर घेते.

आधी कागदाचं. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. त्यांत काळे आणि पांढरे कण तरंगत असतात. विजेचा भार दिला की हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. हे तंत्र अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये जन्मलं, १९९७ मध्ये त्यातून ई इंक ही कंपनी निघाली, २००४ मध्ये सोनीने जपानात त्यावर पहिला ई-रीडर विकला आणि २००७ मध्ये ॲमेझॉनचा किंडल आला. वाचणाऱ्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट एकच: पान एकदा उमटलं की ते तसंच राहायला वीज लागत नाही, आणि पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही. खोलीतला उजेड त्यावर पडतो आणि परततो, कागदावरून परततो तसाच. म्हणून भर दुपारी अंगणात उन्हात बसलात तर फोन दिसेनासा होतो आणि ई-रीडर उलट जास्त चांगला दिसतो. चार्जिंग आठवड्यांच्या हिशेबाने टिकतं तेही यामुळेच.

आता जाहिरातीत न सांगितलेला भाग. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र नसते, वर्तमानपत्राच्या कागदासारखी करडट असते. पान उलटताना मधूनच पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. पहिल्या दिवशी ते खुपतं, आठवड्याभरात दिसेनासं होतं. नव्या यंत्रांत कडेला दिवे असतात आणि त्यांचा प्रकाश पडद्यावर पसरवला जातो, डोळ्यांकडे सोडला जात नाही. हा दिवा संध्याकाळी हवाच. दिव्याचा रंग पिवळसर करता येतो असं मॉडेल घ्या. सध्याच्या किंडलमध्ये ती सोय पेपरव्हाइट या मॉडेलपासून पुढे आहे, सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये नाही.

डोळ्यांबद्दल मी डॉक्टर नाही, त्यामुळे जपून बोलते. पडदा एकटक बघताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. ई-रीडरवर हे पूर्ण थांबत नाही, पण फोनवरचा झगमगाट आणि सतत सरकणारा मजकूर हे दोन त्रास जातात. मोतीबिंदूनंतर बहुतेकांना जवळचं वाचायला चष्मा लागतोच. अक्षर मोठं केलं म्हणून तो सुटत नाही, तेव्हा नंबर ताजा करून घ्या. आणि आईंना मोतीबिंदूखेरीज दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, काही आजार असेल, मधलंच दिसत नाही अशी तक्रार असेल, तर माझा सल्ला बदलतो. अशा वाचकांना मी मोठ्या टॅबवर, काळ्या पार्श्वभूमीवर ठळक पांढरी अक्षरं अशा मांडणीत जास्त सुखाने वाचताना बघितलं आहे. त्यांना जास्त उजेड आणि काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक हवा असतो, आणि करडा पडदा तिथे कमी पडतो. हे घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचाराच.

मनगटांचं उत्तर सोपं आहे. सहा इंची साधा किंडल १५८ ग्रॅमचा, सात इंची पेपरव्हाइट २११ ग्रॅमचा. चारशे-पाचशे पानांची बांधीव कादंबरी अर्ध्या किलोच्या आसपास जाते, आणि तिला उघडी ठेवायला दोन्ही हात लागतात. इथे एका हातात धरून अंगठ्याने पान उलटतं. कुशीवर पडून वाचता येतं. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण मनगटाच्या दुखण्याने वाचन सोडलेल्या माणसांना परत वाचायला लावणारी गोष्ट मी बघितली आहे ती हीच. चुंबकाचं झाकण मात्र शंभरेक ग्रॅम वाढवतं. वाचताना काढून ठेवायला सांगा.

आता अक्षर. ई-रीडरचं खरं सुख इथे आहे, आणि मराठीची खरी अडचणही इथेच.

ज्या पुस्तकात खरा मजकूर असतो, त्यात अक्षराचा आकार वाढवला की ओळी नव्याने मांडल्या जातात. पान रुंदीपलीकडे जात नाही, बोटाने इकडे-तिकडे सरकवावं लागत नाही. म्हणजे असं प्रत्येक पुस्तक आईंसाठी मोठ्या टायपातली आवृत्ती होतं. मराठीत मोठ्या टायपातली पुस्तकं मुलांसाठी आणि पोथ्यांसाठी निघतात, ज्येष्ठांच्या कादंबऱ्यांसाठी जवळजवळ नाहीत. ही उणीव ई-रीडर एका फटक्यात भरून काढतो.

मांडणी लावून देताना मी काय बघते ते सांगते. ओळीत पाच-सहा शब्द बसतील इतपत अक्षर मोठं करा. त्याहून वाढवलं आणि ओळीत तीनच शब्द उरले, की डोळा सारखा ओळ बदलत राहतो आणि वाक्याचा धागा सुटतो. तिथे सहाऐवजी सात इंची पडदा घेण्याला अर्थ आहे. ओळींमधलं अंतर इंग्रजीला ठेवाल त्याहून एक पायरी जास्त ठेवा, कारण आपल्याकडे वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, आणि ओळी चिकटल्या की वरच्या ओळीतला उकार नि खालच्या ओळीतली मात्रा एकमेकांत घुसल्यासारखे दिसतात. समास कमीत कमी. आणि दोन्ही कडा सरळ ठेवणारी मांडणी बंद करून फक्त डावी कड सरळ ठेवा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, 'विद्यार्थ्यांपैकीसुद्धा' एवढा एकच शब्द मोठ्या टायपात अर्धी ओळ खातो. मग उरलेल्या दोन शब्दांमध्ये दात पडल्यासारख्या फटी दिसतात. डावी कड धरली की हा प्रश्न मिटतो. ही एक सेटिंग बदलल्यावर 'आता वाचवतंय' म्हणणारे पुष्कळ भेटले.

फाँटचं म्हणाल तर किंडलवर आणि कोबो या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर आपला फाँट घालता येतो. यंत्र केबलने संगणकाला जोडायचं आणि फाँटची फाइल 'फाँट्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आणि त्यावर आधारलेला आयआयटी मुंबईचा शोभिका, दोन्ही मोफत आहेत आणि छापील मराठी पुस्तकाच्या वळणाच्या जवळ जातात. जन्मभर छापील वाचलेल्या माणसाला परिचित वळणाचा 'ल' आणि 'श' दिसला की फरक पडतो. बसवल्यावर एखादं पुस्तक उघडून 'दुसऱ्या', 'कर्तृत्व', 'द्विधा' असली जोडाक्षरं नीट येतात का तेवढं बघून घ्या.

हे सगळं मजकूर खरा असेल तर. मराठीत ई-पुस्तक म्हणून जे मिळतं, त्यातला मोठा हिस्सा पीडीएफ असतो, आणि पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. त्यात अक्षर वाढत नाही, सगळं पानच वाढतं. हिशेब करून दाखवते. सहा इंची पडदा रुंदीला साधारण ३.६ इंच असतो. आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, पान साडेपाच इंच रुंद. ते पान पडद्यात बसवलं की ६५ टक्क्यांवर येतं, म्हणजे १४ पॉइंटचं अक्षर ९ पॉइंटचं झालं. ए-फोर पानाची पीडीएफ असेल तर ४४ टक्के. आईंसाठी हे छापील पुस्तकापेक्षा वाईट. 'ई-रीडरवर मराठी वाचवत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच केलेलं असतं: कुठूनतरी मिळालेल्या पीडीएफ घातल्या आणि दोन दिवसांत यंत्र ठेवून दिलं.

यावर थोडा उपाय आहे. छापील मजकूर पानभर नसतो, कडेचा कोरा भाग सोडला तर सव्वाचार इंच रुंद असतो. ब्रिससारख्या मोफत सॉफ्टवेअरने कडा कापल्या आणि यंत्र आडवं धरलं, की ४.८ इंच रुंदी मिळते आणि अक्षर छापील आकाराच्या ११३ टक्के होतं. अर्धं अर्धं पान वाचत खाली जायचं. सात इंची यंत्रावर याहून बरं. चालतं, पण रोजच्या वाचनासाठी मी कुणाला सुचवणार नाही. एखादं दुर्मीळ पुस्तक पीडीएफमध्येच असेल तर एवढी खटपट करा.

'मग पीडीएफचं रूपांतर का करू नये?' हा पुढचा प्रश्न येणारच. किंडलच्या ईमेलवर (त्याचं पुढे सांगते) पाठवताना विषयात 'कन्व्हर्ट' लिहिलं की रूपांतर होतंही. इंग्रजीत ठीक चालतं. मराठीत बहुतेक वेळा गिचमिड हाती येते, आणि त्यात त्या यंत्राचा दोष नाही. आपली पुस्तकं अनेक वर्षं श्री-लिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व फाँटांत जुळवली गेली (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). त्या फाइलींच्या पोटात 'क' नसतोच, एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं आणि त्यावर 'क'चं चित्र चढवलेलं असतं. चित्र काढून घेतलं की खाली निरर्थक चिन्हं उरतात. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफसुद्धा त्रास देतात, कारण पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि युनिकोडमध्ये साठवली जाते नंतर. पीडीएफ दिसण्याचा क्रम धरते, मग बाहेर काढलेल्या मजकुरात वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात. माझ्या कामाचे निम्मे तास हीच सोडवासोडव करण्यात जातात: फाँट बदलायचा, मग मूळ पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून बघायची. जुनं पुस्तक स्कॅन असेल तर ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्यायची, आणि पुन्हा प्रूफ. हे काम खर्चिक, मराठी ई-पुस्तकाची विक्री बेताची, म्हणून पुष्कळ प्रकाशक पीडीएफवर थांबतात. मला ते पटत नाही, पण त्यांची अडचण समजते.

खरा मजकूर असलेली मराठी पुस्तकं मग कुठे मिळतात? सर्वांत सोयीचं ठिकाण म्हणजे किंडलचं दुकान. तिथे मराठीसह पाच भारतीय भाषा डिसेंबर २०१६ मध्ये आल्या. कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद बऱ्यापैकी आहेत, गाजलेल्या लेखकांची सगळी पुस्तकं मात्र नाहीत, आणि हौसेने स्वतः प्रकाशित केलेलं, प्रूफ न बघितलेलंही भरपूर आहे. त्यामुळे घेण्याआधी मोफत नमुना उतरवून वाचा. नमुन्यात पहिल्या पानावर चार चुका असतील तर पुढे सुधारत नाही. पुस्तकाच्या माहितीत 'एनहान्स्ड टाइपसेटिंग' चालू आहे का तेही बघा. चालू असेल तर अक्षर नीट वाढेल असं धरायला हरकत नाही.

दुसरं, मराठी विकिस्रोत. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं तिथे स्वयंसेवक टंकून आणि तपासून ठेवतात, आणि ती ईपब स्वरूपात, म्हणजे खरा मजकूर असलेल्या ई-पुस्तकाच्या फाइलीत, उतरवता येतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. आईंच्या पिढीला आवडेल असं जुनं गद्य तिथे चिकार सापडेल. तिसरं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आणि ई साहित्य प्रतिष्ठान. दोन्हीकडे पुस्तकं मोफत आणि कायदेशीर, पण पीडीएफ, म्हणजे वरचा हिशेब लागू. चौथं, बुकगंगासारखी दुकानं, जिथे मराठी पुस्तकांची निवड मोठी आहे पण पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं. ते ॲप किंडलवर चालणार नाही.

यंत्राची निवड आता आपोआप होते. आईंच्या यादीतली बहुतेक नावं किंडलच्या दुकानात आणि विकिस्रोतावर सापडत असतील, तर सात इंची पेपरव्हाइट घ्या आणि पुढे विचार करू नका. यादी बुकगंगावर जास्त सापडत असेल, तर ई-इंक पडद्याचीच पण अँड्रॉइडवर चालणारी यंत्रं असतात, ऑनिक्स कंपनीची बूक्स मालिका त्यातली. त्यांवर हवं ते ॲप घालता येतं. पण ती महाग, बॅटरी लवकर उतरते, आणि चारचौघांसारखा अँड्रॉइड असल्यामुळे सूचना, अपडेट, 'परवानगी द्या' अशा खिडक्या येत राहतात. आई फोन सफाईने वापरत असतील तरच. आणि यादी जवळजवळ सगळी पीडीएफमध्येच असेल, तर दहा इंची टॅब घ्या, कमी पैशांत काम होईल. स्वतः खटपट करायची आवड असेल तर केओरीडर हे मोफत सॉफ्टवेअर बघा. ते कोबोवर आणि अँड्रॉइड यंत्रांवर चालतं, देवनागरी जोडाक्षरं व्यवस्थित मांडतं आणि पीडीएफच्या कडा आपोआप कापतं. पण मिरजेत एकट्या राहणाऱ्या आईंच्या हातात मी ते देणार नाही. काही अडलं तर सोडवायला जवळ कुणी नाही.

एकट्या राहतात यावरून तुमच्या फायद्याची सोय सांगते. प्रत्येक किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. तुम्ही तुमचा पत्ता परवानगीच्या यादीत घातला की बंगळुरूहून पाठवलेली ईपब फाइल घरातलं वाय-फाय किंवा फोनचा हॉटस्पॉट मिळाल्याबरोबर आईंच्या यंत्रात उतरते. दुकानातून घेतलेलं पुस्तकही तसंच. संध्याकाळी फोनवर एखाद्या लेखकाचा विषय निघाला आणि पुस्तक दुकानात असलं, तर रात्री झोपायच्या आधी ते त्यांच्या हातात असतं. परदेशात मुलांकडे राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांना याचं मोल लगेच कळतं: २३ किलोच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या बसतात आणि वाचायला वर्षभराचं सामान हातातल्या पिशवीत जातं.

यंत्र तुमच्या खात्यावर नोंदवा, पैशांचा व्यवहार तुमच्याकडे राहील. सेटिंगमध्ये दुकान आणि ब्राउझर कुलूपबंद करता येतात, तेही करा, नाहीतर चुकून बोट लागून खरेदी होते आणि आई धसका घेतात. एक बारकावा: एकाच खात्यावर दोघं एकच पुस्तक वाचत असाल, तर यंत्र 'सर्वांत पुढच्या पानावर जायचं का' असं विचारतं, कारण तुम्ही पुढे गेलेले असता. आईंना ते यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. खात्याच्या सेटिंगमधून हे बंद होतं. आणि विकत घेतलेल्या पुस्तकांबद्दल एक खरं सांगायला हवं. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय बंद झाली आहे. पुस्तक तुमच्या खात्यात राहतं, पण छापील पुस्तकासारखं ते तुमचं नाही. जे पुस्तक घरात कायमचं हवं, ते कागदावर घ्या.

शिकवायचं किती? मेनूची भाषा मराठी नाही, त्यामुळे कमीत कमी. उजवीकडे बोट लावलं की पुढचं पान, डावीकडच्या कडेला लावलं की मागचं, आणि वरच्या भागाला लावलं की पट्टी उघडते, तिथून घरी जाता येतं. बस. एवढंच हाताला वळण लागेपर्यंत शिकवा आणि बाकीचं सगळं तुम्ही लावून द्या. वयस्कर माणसं गोंधळतात ती वरच्या भागाला नकळत बोट लागून पट्टी उघडल्यावर. 'काही झालं तरी मधे कुठेतरी बोट लाव, पान परत येतं' एवढा धीर दिला की भीती जाते. दिव्याची पातळी २४ पर्यंत वाढते. दिवसा खोलीत आठ-दहा, रात्री चार-पाच पुरते, पण हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर आहे. पहिल्या आठवड्यात रोज विचारा आणि बदला.

यापुढची सुखं आई स्वतःच शोधतील, पण काही सांगून ठेवते, कारण ती विकणारे नीट सांगत नाहीत. मोठ्या कादंबरीत दीडशे पानांनी परत आलेलं पात्र कोण होतं ते आठवत नाही. नाव दाबून धरलं आणि शोधा म्हटलं की ते आधी कुठे कुठे आलं सगळं समोर येतं. ज्येष्ठ वाचकांना ही सोय सर्वांत जास्त आवडते, कारण 'आता लक्षात राहत नाही' या कारणाने त्यांनी जाड कादंबऱ्या सोडलेल्या असतात. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल लावायचा संकोच असतो, इथे आवडलेल्या ओळीवर बोट फिरवलं की ती वेगळ्या फाइलीत साठते. त्या ओळी तुम्ही आल्यावर बघू शकाल, आणि आई काय वाचतात यापेक्षा कुठे थांबतात हे वाचायला मजा येते. प्रकरण संपायला किती वेळ उरला ते खाली दिसतं, म्हणजे कुकर लावण्याआधी एक प्रकरण उरकेल का ते कळतं. अध्येमध्ये फोन वाजत नाही, व्हॉट्सॲप डोकावत नाही, वीज गेली तरी वाचन चालू राहतं. आणि नमुने मोफत असल्यामुळे नव्या लेखकाला हात घालायची भीती जाते. ग्रंथालयात दर आठवड्याला दोन पुस्तकं मिळत असतील तर माणूस खात्रीचीच उचलतो. इथे तुम्ही पाठवलेल्या दहा नमुन्यांपैकी नऊ सोडून दिले तरी कुणाचं काही जात नाही.

शब्दकोशाचं मात्र फार मनावर घेऊ नका. इंग्रजी वाचताना शब्द दाबला की अर्थ येतो, त्याचा उपयोग आईंना होईल तितकाच. मराठीसाठी ती सोय किंडलवर अजून भरवशाची नाही.

काही गोष्टी ई-रीडरवर नेऊच नका. पोथी, पारायण, ओवीबद्ध काहीही: अक्षर मोठं केलं की ओवीचा चरण मधेच तुटतो आणि लय जाते. मोठ्या टायपातली छापील पोथीच बरी. दिवाळी अंक दोन स्तंभांत असतात आणि जाहिरातींनी भरलेले, ते लहान पडद्यावर वाचवत नाहीत. रंगीत चित्रांची पाककृतींची पुस्तकं नकोत. ऐकायचं असेल तर फोनवर स्टोरीटेलसारख्या ॲपमध्ये मराठी पुस्तकं आहेत, ते काम फोनलाच करू द्या. आणि ग्रंथालयाची वर्गणी बंद करू नका. तिथे जाण्यायेण्यात वाचनाइतकंच माणसांना भेटणं असतं, शिवाय शेजारच्या काकूंना पुस्तक उसनं देणं ई-रीडरवर होत नाही.

पैसे घालण्याआधी हे करा. आईंना विचारून त्यांना पुढच्या वर्षभरात वाचावीशी वाटणारी वीसेक पुस्तकं लिहून घ्या, तुम्हाला योग्य वाटणारी नव्हे. तुमच्या फोनवर किंडलचं मोफत ॲप घाला. अँड्रॉइडच्या ॲपमधून खरेदी होत नाही, तेव्हा ब्राउझरमधून दुकानात जाऊन त्यातली जी सापडतील त्यांचे नमुने ॲपमध्ये पाठवा. प्रत्येक नमुना उघडून अक्षर सर्वांत मोठं करा. ओळी नव्याने मांडल्या गेल्या तर पुस्तक कामाचं, पानच मोठं झालं तर नाही. वीसपैकी बारा-तेरा कामाची निघाली तर निःशंक घ्या. पाच-सहाच निघाली, तर ती पाच वाचून झाल्यावर आई काय वाचणार याचं उत्तर तुमच्याकडे हवं. यादी झाली की पहिली दहा नावं इथेच लिहा. त्यातलं कोणतं नीट फाइलीत मिळतं आणि कोणतं फक्त पीडीएफमध्ये, ते बघून सांगते.